न चाललेला खटला: मिटिलिनी, इ. स. पू. ४२७

इ. स. पू. ४२७ च्या उन्हाळ्यात अथेन्सच्या नागरिकांनी लागोपाठ दोन दिवस एकाच शहराच्या जिवाचा निर्णय घेतला. पहिल्या दिवशी ठरलं, की लेस्बॉस बेटावरच्या मिटिलिनी शहरातला प्रत्येक वयात आलेला पुरुष मारायचा आणि बायका-मुलांना गुलाम करायचं. दुसऱ्या दिवशी थोडक्या हातांच्या फरकाने तो ठराव फिरला. लोकशाही आपली चूक सुधारू शकते याचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, आणि तो दाखला खराच आहे. पण त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीज याच्या इतिहासात या सुटकेच्या पाठोपाठ एक वाक्य येतं आणि मी दर वेळी तिथेच अडकतो. त्या एका वाक्यात हजाराहून थोडी जास्त माणसं मारली जातात. त्यांच्या बाजूने कुणी बोलल्याची नोंद थ्युसिडिडीज करत नाही. ती माणसं त्या निर्णयातून कशी निसटली, हे मला इथे शोधायचं आहे.

बंड

अथेन्सच्या संघातली बहुतेक शहरं दरसाल खंडणी भरत. स्वतःचं आरमार बाळगणारी, खंडणी न भरणारी अशी खिऑस आणि लेस्बॉस एवढीच बेटं उरली होती. लेस्बॉसवर मिटिलिनीचा जोर, आणि मिटिलिनीत सत्ता मोजक्या बड्या घराण्यांची. ४२८ मध्ये त्यांनी बंड पुकारलं. बेटावरचं मेथिम्ना सोडून बाकी सगळे त्यांच्याबरोबर गेले. तयारी मात्र अर्धवट होती. बंदराचा भराव, तट आणि जहाजं पुरी व्हायची होती, काळ्या समुद्राकडून तिरंदाज आणि धान्य यायचं होतं. त्याआधीच शेजाऱ्यांनी आणि शहरातल्याच काही जणांनी अथेन्सला बातमी पोचवली.

अथेन्सची अवस्था बिकट होती. स्पार्टाशी चाललेल्या युद्धाचं चौथं वर्ष, वर साथीने माणसं मेलेली. बातमी खरी नसावी अशी त्यांची इच्छा इतकी तीव्र होती, की आधी त्यांनी ती मानलीच नाही. मग चाळीस जहाजं धाडली. शहराबाहेर अपोलोचा उत्सव असतो, सगळं गाव तिकडे असताना अचानक गाठायचं असा बेत होता. पण अथेन्समधून एक माणूस युबिआ बेटावर गेला, पायी गेराइस्टॉसपर्यंत चालला, तिथे सुटायच्या बेतात असलेलं मालाचं जहाज त्याला मिळालं, आणि अथेन्स सोडल्यापासून तिसऱ्या दिवशी तो मिटिलिनीत होता. लोक उत्सवाला बाहेर पडलेच नाहीत.

वेढा पडला. पाकीस हा सेनापती शरद ऋतूत हजार शिपाई घेऊन आला, जहाजं त्या शिपायांनीच वल्हवली होती. शहराभोवती भिंत उठली. खर्चासाठी अथेन्सला पहिल्यांदाच नागरिकांवर युद्धकर बसवून २०० टॅलंट (टॅलंट म्हणजे चांदीच्या वजनाचं मोठं माप) उभे करावे लागले. स्पार्टाने मिटिलिनीला जहाजं कबूल केली आणि सलाइथॉस नावाचा माणूस पुढे पाठवला. तो एका ओढ्याच्या घळीतून लपतछपत शहरात शिरला आणि मदत येतेय म्हणून धीर देत राहिला. ते आरमार मात्र वाटेत रेंगाळत बसलं.

धान्य संपत आलं. जहाजांची आशा सलाइथॉसलाही उरली नाही, तेव्हा त्याने शहरातल्या सामान्य लोकांना जड शस्त्रं दिली. बाहेर पडून हल्ला करायचा, असं ठरलं होतं. तोपर्यंत ही शस्त्रं फक्त वरच्या वर्गाकडे असत. हातात शस्त्र येताच लोकांनी हुकूम ऐकायचं सोडलं. दडवलेलं धान्य बाहेर काढा, सगळ्यांना वाटा, नाहीतर आम्हीच अथेन्सशी बोलणी करून शहर देतो, असं त्यांनी बजावलं. आपल्याला वगळून तह झाला तर आपली धडगत नाही हे सत्ताधाऱ्यांनी ओळखलं आणि सगळ्यांनी मिळून शरणागती पत्करली. अट अशी, की मिटिलिनीचं काय करायचं ते अथेन्सने ठरवावं, पण शहराचे वकील, म्हणजे दूत, अथेन्सहून परत येईपर्यंत पाकीसने कुणाला बांधू नये, गुलाम करू नये, मारू नये. भुकेल्या लोकांनी केलेलं हे बंडातलं बंड पुढे सभेत कळीचा मुद्दा झालं.

सभा

बंडाचे सूत्रधार वाटले त्यांना पाकीसने अथेन्सला पाठवलं, बरोबर सलाइथॉसलाही. अजून वेढ्यात असलेल्या प्लाटीआ या अथेन्सच्या मित्रशहरावरून पेलोपोनीसचं, म्हणजे स्पार्टाच्या बाजूचं, सैन्य उठवून देतो असं सलाइथॉसने देऊ केलं. अथेन्सने त्याला लगेच मारलं. मग मिटिलिनीची चर्चा सुरू झाली आणि लोक रागात होते. ज्यांना मांडलिक न करता मानाने वागवलं त्यांनीच उठाव केला, आणि त्यांच्यासाठी शत्रूची जहाजं आयोनियाच्या किनाऱ्यापर्यंत येऊन गेली, हे त्यांना झोंबलं होतं. ठराव झाला आणि एक ट्रायरीम, म्हणजे वल्ह्यांच्या तीन रांगांचं लढाऊ जहाज, पाकीसकडे हुकूम घेऊन निघालं.

हा निर्णय कोर्टात झालेला नाही. अथेन्सच्या कोर्टाची रीत वेगळी होती. शेकडो न्यायपंच चिठ्ठ्या टाकून निवडलेले, शपथ घेतलेले, दोन्ही बाजूंना पाणघडीने मोजलेला वेळ, आणि मत गुप्त. मिटिलिनीचा प्रश्न गेला नागरिकांच्या सभेपुढे. प्निक्स टेकडीच्या उतारावर काही हजार माणसं बसत, कुणाला बोलायचंय असं पुकारलं जाई, आणि शेवटी हात वर करून मत. धान्य, आरमार, तह-करार असे विषय तिथे चालत. साक्षीदार, आरोप, बचाव हे त्या जागेचं नेहमीचं काम नव्हतं. एका शहराच्या माणसांचा जीव धोरणाच्या खात्यात टाकला गेला आणि पुढचं सगळं त्यातून निघालं.

दुसऱ्या दिवशी लोकांना पस्तावा झाला. थ्युसिडिडीज त्याचं कारण सांगतो: फक्त दोषींना शिक्षा करायची सोडून सबंध शहरच नष्ट करायचं, हा ठराव त्यांना क्रूर वाटू लागला. दोषी कोण आणि निर्दोष कोण ही टोचणी न्यायाची आहे. सभा पुन्हा भरली ती या टोचणीमुळे. त्या दिवशीच्या दोन मोठ्या भाषणांतलं एकही मात्र या टोचणीला उत्तर देत नाही.

दोन भाषणं

क्लिऑन हा आदल्या दिवशीच्या ठरावाचा कर्ता. थ्युसिडिडीजला तो आवडत नाही. सगळ्यांत आक्रमक आणि त्या काळी लोकांवर सगळ्यांत जास्त छाप असलेला माणूस, अशी त्याची ओळख तो करून देतो. वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं, आणि हेही, की भाषणं शब्दशः नाहीत, प्रसंगाला साजेसं आणि एकूण आशयाला धरून आपण ती लिहिली, असं थ्युसिडिडीजने स्वतः सांगून ठेवलंय.

क्लिऑन सुरुवातच लोकशाहीवर ठपका ठेवून करतो. दुसऱ्यांवर राज्य करणं लोकशाहीला जमत नाही, तुमचं साम्राज्य ही जुलमी सत्ता आहे आणि ती तुमच्या बळावर टिकली आहे, मांडलिकांच्या प्रेमावर नव्हे. मग तो वळतो सभेच्या ऐकण्याच्या सवयीकडे. भाषणं तुम्ही नाटक बघावं तशी बघता आणि घडलेल्या गोष्टी नुसत्या ऐकीव म्हणून घेता. वक्त्यांचा सामना बघायला बसलेल्या प्रेक्षकांसारखे तुम्ही, राज्याचा विचार करणारे नागरिक नव्हे. साम्राज्याला तीन गोष्टी घातक: दया, भाषणांची गोडी, आणि चांगुलपणा.

हे सगळं तो अत्यंत घोटीव भाषेत बोलतो, आणि त्याच्या भाषणातला सगळ्यात धोक्याचा भाग मला वेगळाच वाटतो. तो लोकांना सांगतो, की घाव बसला त्या क्षणी जे वाटलं होतं तिथे मनाने परत जा, कारण वेळ गेला की राग बोथट होतो आणि फायदा गुन्हेगाराचा होतो. म्हणजे रात्रभराचा विचार हाच त्याच्या लेखी दोष. तो न्यायाचं नाव घेतो, पण त्याचा न्याय म्हणजे ताज्या रागाच्या मापाची शिक्षा. मूठभरांना दोष देऊन बाकी जनतेला सोडू नका, असंही तो बजावतो, सगळ्यांनी मिळूनच आपल्यावर हल्ला केला.

उत्तर देतो डायोडोटस, युक्राटीसचा मुलगा. थ्युसिडिडीजच्या सबंध इतिहासात हा माणूस फक्त इथे भेटतो. आदल्या दिवशीही त्याने कत्तलीला विरोध केला होता. घाई आणि राग हे चांगल्या विचाराचे दोन वैरी, असं म्हणून तो सुरू करतो. जो वक्ता विरोधकाने पैसे खाल्ले असं सुचवतो तो शहराचंच नुकसान करतो, कारण मग लोक प्रामाणिक सल्ल्यावरही संशय घेतात. आणि मग एक कठोर वाक्य: अशा वातावरणात वाईट सल्ला देणाऱ्याला फसवावं लागतंच, पण चांगला सल्ला देणाऱ्यालाही विश्वास मिळवायला खोटं बोलावं लागतं.

पुढे तो म्हणतो, त्यांनी कितीही अन्याय केला हे मी सिद्ध करू शकलो, तरी मारणं आपल्या हिताचं नसेल तर मी मारा म्हणणार नाही. त्यांच्यावर आपण खटला चालवत नाही आहोत, न्याय काय हे इथे ठरवायचं नाही, ते आपल्या उपयोगी कसे पडतील एवढंच ठरवायचंय. ज्या प्रश्नामुळे सभा पुन्हा भरली तो प्रश्नच त्याने विषयपत्रिकेवरून उतरवला.

यानंतर शिक्षेवर तो जे बोलतो तेवढं नितळ बोलणं मी फार थोड्या ठिकाणी वाचलंय. चुका करणं हा माणसाचा स्वभाव आहे, एकेकट्याचा आणि शहरांचाही, आणि कुठला कायदा तो रोखू शकत नाही. पूर्वी मोठ्या गुन्ह्यांनाही शिक्षा सौम्य असाव्यात, लोक कायदा मोडत राहिले तशा त्या चढत जाऊन देहदंडापर्यंत आल्या. तरीही कायदा मोडला जातोच. मग याहून भयंकर काही शोधा, नाहीतर मान्य करा की मृत्यूचा वचक बसत नाही. गरिबी गरजेपोटी धाडस करायला लावते, श्रीमंती मस्तीपोटी. लालसा पुढे चालते, आशा तिच्या मागोमाग येते, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या या दोघी समोर दिसणाऱ्या धोक्यापेक्षा बलवान ठरतात. त्याला त्याने हिशोब जोडला. शरण आलं काय, न आलं काय, मरणच असेल तर उद्या बंड करणारं शहर शेवटच्या दाण्यापर्यंत लढेल. वेढ्याचा खर्च आपला, आणि हाती येईल ते उद्ध्वस्त गाव, ज्याच्याकडून खंडणी येणार नाही.

शेवटी तो त्या भुकेल्या लोकांकडे येतो. सगळ्या शहरांत सामान्य जनता आपल्या बाजूची असते. मिटिलिनीच्या जनतेने शस्त्रं मिळताच शहर आपल्या हवाली केलं, त्यांना माराल तर आपल्या उपकारकर्त्यांना माराल. इथे तो ताणतो. त्या लोकांनी मागितलं होतं धान्य. अथेन्सच्या प्रेमाचा त्यांच्या मागणीत उल्लेख नाही. आणि डायोडोटसला ते माहीत असावं, कारण लगेच पुढे तो म्हणतो, की त्यांचा गुन्हा असला तरी नसल्यासारखं दाखवा. चांगल्या सल्लागाराला खोटं बोलावं लागतं हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्या मते त्याने ते इथे डोळसपणे केलं, आणि हजारो जीव वाचवायला केलं. मी त्याला दोष देऊ शकत नाही.

दुसरं जहाज

हात जवळजवळ सारखे पडले. डायोडोटसचा ठराव निसटता मंजूर झाला आणि लगोलग दुसरं ट्रायरीम सोडलं. पहिल्याला एक दिवस आणि एक रात्र एवढी आघाडी होती. पिरेअस बंदरापासून मिटिलिनी समुद्रमार्गे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास.

ट्रायरीमवर १७० वल्हेकरी असत. एरवी असं जहाज जेवायला आणि झोपायला किनाऱ्याला लागायचं. हे लागलं नाही. मिटिलिनीच्या वकिलांनी दारू आणि सातूचं पीठ जहाजावर चढवलं आणि वेळेत पोचलात तर मोठं बक्षीस कबूल केलं. वल्हेकऱ्यांनी ते पीठ दारूत आणि तेलात कालवून वल्हवता वल्हवता खाल्लं. आपल्याकडे प्रवासाला सातूचं पीठ बांधून घ्यायचे, बसल्या जागी कालवून खाता येतं म्हणून. इथे एका हातात तो गोळा आणि दुसऱ्या हातात वल्हं. आळीपाळीने काही झोपले, बाकीचे वल्हवत राहिले. वारा सुदैवाने आडवा आला नाही.

आणि पहिलं जहाज सावकाश गेलं. असल्या अघोरी कामाला घाई कोण करणार, एवढंच थ्युसिडिडीज म्हणतो. त्या जहाजावरच्या माणसांचं एकही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही, पण त्यांच्या मंद वल्ह्यांनी शहर वाचवण्यात डायोडोटसच्या भाषणाइतकाच हात लावला. पहिलं जहाज पोचलं, पाकीसने हुकूम वाचला, अंमल सुरू करणार, तेवढ्यात दुसरं बंदराला लागलं.

हजार माणसं

पुढचं वाक्य असं: पाकीसने मुख्य दोषी म्हणून पाठवलेल्या बाकीच्यांना अथेन्सने क्लिऑनच्या ठरावानुसार मारलं, ती हजाराहून थोडी जास्त होती. काही अभ्यासकांना हा आकडा हस्तलिखितांत बिघडलेला वाटतो, मूळ तीस असावा असंही सुचवलं गेलंय. तीस असले तरी माझा प्रश्न बदलत नाही.

कारण डायोडोटसच्या ठरावातले शब्द पाहा. पाकीसने दोषी समजून पाठवलेल्यांचा शांतपणे निवाडा करावा आणि बाकीच्यांना राहू द्यावं, असं तो सुचवतो. शांतपणे निवाडा. त्याचा दुसरा अर्धा भाग अमलात आला, तेही समुद्रावर जिवाची शर्यत लावून. पहिल्या अर्ध्याचं काय झालं? थ्युसिडिडीज कुठल्याही सुनावणीची नोंद करत नाही, फक्त क्लिऑनचं नाव घेतो. आदल्या ठरावात हरलेला माणूस या ठरावात जिंकला.

ते कसं झालं याचं उत्तर मला डायोडोटसच्या युक्तिवादातच सापडतं. सभेला त्याने पटवलं, की न्याय बाजूला ठेवा, उपयोग बघा. जनता उपयोगी होती, ती वाचली. बंडखोर श्रीमंत कुणाच्याच उपयोगाचे नव्हते. त्यांच्यातला एखादा बंडाविरुद्ध होता का, कुणाला फरफटत नेलं होतं का, पाकीसने कुणाला चुकून धरलं का, हे विचारायला जो शब्द लागतो तो शब्द सभेतून आधीच उठवला गेला होता. डायोडोटसने वापरलेल्या हत्याराने एवढंच काम होणार होतं. हिताचा हिशोब दर वेळी नव्याने मांडला जातो, हेही पुढे दिसलं. चारच वर्षांनी क्लिऑनच्या ठरावाने स्किओनी शहराच्या पुरुषांना मारायचं ठरलं, आणि शहर पडल्यावर ते अमलात आलं. ४१६ मध्ये मेलॉस बेटावर तेच झालं. तिथे अथेन्सच्या वकिलांनी न्यायाची भाषा सुरुवातीलाच नको म्हणून सांगितलं.

मिटिलिनीचा तट पाडला गेला, जहाजं नेली. मेथिम्ना सोडून बेटावरच्या जमिनीचे ३,००० वाटे पाडले, ३०० देवांना, बाकीचे चिठ्ठ्या टाकून अथेन्सच्या नागरिकांना. जमीन कसायची लेस्बॉसच्याच लोकांनी, आणि दर वाट्यामागे वर्षाला दोन मिना (मिना म्हणजे टॅलंटचा साठावा भाग) द्यायचे. पाकीसबद्दल नंतरच्या काळातला चरित्रकार प्लुटार्क लिहितो, की कारभाराचा जाब देताना भर कोर्टात त्याने तलवार उपसून स्वतःला संपवलं.

कोर्टात उभा राहिलेला मुलगा

बंडानंतर काही वर्षांनी मिटिलिनीचा एक माणूस अथेन्सच्या कोर्टात उभा राहिला. आरोप खुनाचा. मिटिलिनीहून निघालेल्या जहाजावर हिरोडीस नावाचा अथेनियन त्याच्याबरोबर होता. वादळामुळे मेथिम्नाच्या हद्दीत थांबावं लागलं, पावसामुळे उघड्या जहाजातून छपराच्या जहाजात गेले, दारू प्यायले, रात्री हिरोडीस जहाजावरून उतरला तो परत आलाच नाही. आरोपीचं भाषण अँटिफॉन या अथेन्सच्या भाषणलेखकाने लिहून दिलेलं आहे आणि ते आज उपलब्ध आहे.

बंडाचा ठपका त्याच्या बापावरही ठेवला जात होता, म्हणून मुलाला त्याबद्दल बोलावं लागलं. तेव्हा मी लहान होतो, ऐकून सांगतो, असं तो म्हणतो. बापाची निष्ठा अथेन्सवर होती, पण सबंध शहर उठलं तेव्हा शहराबरोबर चूक करणं त्याला भाग पडलं, मुलंबाळं आणि मालमत्ता तिथेच होती. तुम्ही दोषींना शिक्षा केलीत, त्यांत माझा बाप नव्हता. अशा भाग पडलेल्या बापांपैकी त्या हजारात किती होते हे विचारायची सोय सभेत नव्हती, कोर्टात होती. अथेन्सच्या संमतीशिवाय कुठल्याही शहराला कुणाला देहदंड देता येत नाही, हा नियमही तो त्याच भाषणात पंचांना आठवून देतो.

आणि तो सांगतो, रागाने आणि कानभरणीने निवाडा करू नका, कारण माणूस ज्याने विचार करतो तेच राग बिघडवतो. त्याने दाखला दिला अथेन्सच्याच खजिनदारांचा. पैसे खाल्ल्याचा खोटा आळ येऊन ते सगळे एकामागून एक मारले गेले, विचारापेक्षा रागाने. शेवटचा एक उरला होता, सोसिआस. त्याला शिक्षा झाली होती, मारणाऱ्यांच्या ताब्यातही दिलं होतं. तेवढ्यात पैसे कसे गेले ते उघड झालं, आणि लोकांनी त्याला सोडवून आणलं.